वर्गणी वाढवा, पण आधी वही उघडा: पतसंस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
आपल्या जिल्ह्याची प्राथमिक शिक्षक सहकारी पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. सभासदांना ते सांगायची गरज नाही. आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणींना या पत्राचा कच्चा खर्डा वाचून दाखवला, तेव्हा त्यातल्या दोघींनी विचारलं, "आमच्या संस्थेबद्दल लिहिलंयस का गं?" तेव्हा ज्याला जे नाव घालायचं ते त्याने घालावं.

विषय सभासद कल्याण निधीच्या वर्गणीचा आहे. दरमहा दोनशे रुपयांची ती आता सहाशे झाली आहे. मला हे कळलं पगारपत्रकावरून. तसं पाहिलं तर वार्षिक सभेला मी हजर होते. मंगल कार्यालयाच्या मागच्या रांगेत, पंख्याखाली, अहवाल पुस्तिका मांडीवर घेऊन बसले होते. विषयपत्रिकेवर तेरा विषय छापलेले होते आणि त्यात वर्गणीचा शब्दही नव्हता. सातव्या विषयाला माइकची ओढाओढ झाली, कुणीतरी व्यासपीठावर चढलं, घोषणा सुरू झाल्या. त्या गोंधळात माझ्या कानावर आलं ते एवढंच: "मंजूर, मंजूर, मंजूर." दुसऱ्या दिवशी पेपरात 'गोंधळात सर्व विषय मंजूर' असा मथळा होता. दरवर्षी तोच असतो, त्यामुळे मी बातमी वाचलीही नाही. 'ऐनवेळचे विषय' या चौदाव्या विषयात माझ्या पगारातले दरमहा चारशे रुपये गेले, हे पुढच्या महिन्यात समजलं.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते, म्हणजे 'बाईंना कुणी भरवलंय' असं वाटायला नको. मी १९९३ साली सेवेत लागले. त्याच वर्षी संस्थेची सभासद झाले. १९९९ मध्ये आपण हा निधी सुरू केला तेव्हा महिन्याला वीस रुपये कपात होती आणि सभासद वारला तर वारसाला पन्नास हजार मिळायचे. २००८ मध्ये वर्गणी शंभर झाली. २०१६ मध्ये दोनशे झाली आणि मदत झाली पाच लाख, शिवाय मयत सभासदाचं कर्ज पूर्ण माफ. आजवर मी या निधीत किती भरले ते मी वहीत मांडून पाहिलं: साधारण तेहतीस हजार. फार नाही. हे मी आधीच कबूल करते, कारण पुढचं बोलणं त्यामुळे लटकं पडू नये.

निधी नको असंही माझं म्हणणं नाही. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण करत आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी आणि माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. २००५ नंतर लागलेल्या, म्हणजे जुनी पेन्शन नाही. घराचं कर्ज आपल्याच संस्थेचं. मुली दोन, धाकटी पाचवीत. कर्ज माफ झालं, पाच लाखांचा धनादेश आला, आणि घर राहिलं. तो धनादेश द्यायला आपले तालुक्याचे संचालक आले होते, तेव्हा त्यांनी फोटो काढू दिला नाही. हे मी विसरलेले नाही.

म्हणून तर सहाशेचा आकडा पाहून मला राग येण्याआधी भीती वाटली. निधी बुडतोय का? बुडत असेल तर आम्हाला सांगत का नाहीत?

आता मुद्द्याचं. सभासदाने आत येताना जी वर्गणी मान्य केली, ती नंतर वाढवता येते का? स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले आहेत. तरुण मंडळी म्हणतात, हा करार आहे, एकतर्फी बदलता येत नाही, कोर्टात जाऊ. मी त्यांच्या बाजूची नाही. माझ्या सभासदत्वाच्या अर्जाची झेरॉक्स मी शोधून काढली. खाली, सहीच्या वर, छापलेलं आहे: 'संस्थेचे सध्याचे व वेळोवेळी दुरुस्त होणारे पोटनियम मला बंधनकारक राहतील.' त्या 'वेळोवेळी'त सगळं आलं. त्यावर मी तेविसाव्या वर्षी, पहिल्या पगाराच्या आनंदात, न वाचता सही केली आहे.

माझा एक भाचा पुण्यात वकिली करतो, विम्याचे दावे बघतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "आत्या, हे तुमचं भांडण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेलंय." आणि त्याने मला जे सांगितलं, पाठवलं, ते मी दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढलं. ते तुम्हीही ऐकावं, कारण त्यात तुमच्या बाजूचंही पुष्कळ आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यात मीडव्हिल नावाचं गाव. तिथे रेल्वेच्या कारखान्यात काम करणारा जॉन जॉर्डन अपचर्च नावाचा कारागीर होता. त्याने १८६८ मध्ये कामगारांची एक बंधुसंघटना काढली, एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन. तिचा विमा साधा होता. एखादा सभासद वारला की बाकीच्यांनी प्रत्येकी एक डॉलर काढायचा आणि जमलेलं त्याच्या घरी द्यायचं. वयाचा विचार नाही, राखीव निधी नाही, हिशेबनीस नाही. आपल्याकडे गावात मयत झाल्यावर घरटी शिधा काढतात, त्याच जातीची गोष्ट. ती इतकी पसरली की तिच्या पाठोपाठ अशा अनेक संघटना निघाल्या.

मग व्हायचं ते झालं. पहिली दहा-पंधरा वर्षं सभासद तरुण, मरणं थोडी, वर्षातून मोजके डॉलर. पुढे सगळेच म्हातारे झाले. वर्षाला येणाऱ्या मागण्या वाढत गेल्या. पुढारी म्हणत, काळजी नको, नवं रक्त येत राहील आणि सरासरी वय वाढणारच नाही. पण पंचविशीतला माणूस हिशेब करू लागला: साठीच्या माणसाइतकाच डॉलर मी का द्यायचा? तो आलाच नाही. आलेला निघून गेला. राहिले ते म्हातारे आणि आजारी, ज्यांना दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं. त्यामुळे मागण्या आणखी वाढल्या, त्यामुळे आणखी तरुण गेले.

बॉस्टनची रॉयल आर्केनम ही १८७७ ची संघटना त्यातल्या त्यात शहाणी होती. तिने वर्गणी वयाप्रमाणे लावली, पण आत येतानाच्या वयाप्रमाणे, आणि तीही पुरेशी नव्हती. शेवटी १९०५ मध्ये तिने दर जबर वाढवले. सर्वांत मोठा फटका बसला तो वीस-पंचवीस वर्षं नेमाने भरत आलेल्या वयस्कांना. हजारो सभासद सोडून गेले, काही कोर्टात गेले. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने सांगितलं, वाढ वैध. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ग्रीन नावाच्या सभासदाच्या खटल्यात सांगितलं, चालणार नाही, आत येतानाचा दर हा त्याचा हक्क. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा निकाल फिरवला. कायद्याचा मुद्दा कोणत्या राज्याचा निकाल चालायचा असा होता, पण त्यामागचं सरन्यायाधीश व्हाइट यांचं म्हणणं मला पटलं. निधी सगळ्यांचा एक. एकाला वाढीतून सूट दिली तर तेवढा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. अशा संस्थेत सभासद हा नुसता विमेदार नसतो, तोच विमा कंपनीही असतो.

हे वाचून मी गप्प झाले. कारण २०१६ च्या सभेत मदत पाच लाख आणि वर कर्जमाफी असं तुम्ही जाहीर केलंत तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. दोनशे रुपयांत हे कसं बसणार, हे मी विचारलं नाही. चौथीच्या मुलांना मी रोज शाब्दिक उदाहरणं घालते, आणि स्वतःच्या संस्थेचं उदाहरण मी सोडवलं नाही.

तेव्हा वाढ करण्याचा अधिकार अधिमंडळाला, म्हणजे सभासदांच्या सर्वसाधारण सभेला आहे, हे मी लिहून देते. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती एक नाही.

सर्वांत आधी रीत. निधीचे नियम आपल्या पोटनियमांचा भाग आहेत. पोटनियम दुरुस्त करायचे तर ते नोटिशीत असावे लागतात, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी ते मान्य करावे लागतात, आणि सहकार कायद्याच्या कलम १३ प्रमाणे निबंधकांकडे नोंदल्याशिवाय ते अमलात येत नाहीत. त्या दिवशी हात कुणी मोजले? ऐनवेळच्या विषयात शोकप्रस्ताव येतो, अभिनंदनाचा ठराव येतो, फार तर इमारतीच्या रंगाचा विषय येतो. सहा हजारांहून अधिक शिक्षकांच्या पगारातून दरमहा जाणारी रक्कम तिप्पट करण्याचा ठराव ऐनवेळी सुचला असेल, यावर मी विश्वास ठेवू? आणि ऐनवेळी सुचलाच असेल तर ते जास्त काळजीचं आहे.

इतिवृत्ताची प्रत मागायला मी दोनदा कार्यालयात आले. कलम ३२ प्रमाणे सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद पाहण्याचा सभासदाला हक्क आहे, तोही फुकट. पहिल्या वेळी 'साहेब बाहेर आहेत'. दुसऱ्या वेळी 'अजून लिहायचंय'. न लिहिलेल्या ठरावावरून कपात मात्र झाली होती. पगारातून कपातीचा अधिकार कायद्याने संस्थेला दिला आहे, तो अशासाठी की संस्था सभासदाची आहे असं धरलेलं असतं. विमा कंपनीला माझ्या पगारात असा हात घालता येत नाही.

आता गणित. तुमच्याच अहवाल पुस्तिकेतले आकडे घेते. सभासद ६,२००. गेल्या वर्षी मयत सभासद १८. त्यांच्यापोटी निधीतून गेले २ कोटी ७० लाख. दोनशे रुपयांप्रमाणे वर्षाला जमा होतात १ कोटी ४८ लाख ८० हजार. तूट सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे वाढ हवी, यात शंका नाही. किती हवी? २ कोटी ७० लाखांना ६,२०० ने भागा, मग १२ ने भागा. तीनशे त्रेसष्ट रुपये येतात. तुम्ही घेताय सहाशे. त्याचे होतात ४ कोटी ४६ लाख. वरचे पावणेदोन कोटी कशासाठी?

याला उत्तर असू शकतं, हे मला समजतं. करोनाच्या दोन वर्षांत निधी तळाला गेला, तो पुन्हा भरायचा असेल. पुढे मरणं वाढणार, हे धरून आत्ताच साठवायचं असेल. तसं असेल तर ते चांगलंच आहे. ज्यांनी साठवलं नाही त्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. पण मग तसं सांगा. किती साठवायचं, किती वर्षांत, आणि तो पैसा कोणत्या खात्यात राहणार? ताळेबंदात कल्याण निधी हा 'इतर निधी' या एका ओळीत बसवलेला आहे. त्या ओळीत इमारत निधीही आहे, आणि आपली इमारत गेली सहा वर्षं व्हायची आहे. माणसाच्या मनात येतं ते येतंच.

मरणं का वाढली याचंही उत्तर आपल्यापैकी कुणी सभेत दिलं नाही, म्हणून मी देते. २ मे २०१२ ला राज्यात शिक्षकभरती थांबली. शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल येऊन नवी मुलं शाळेत हजर व्हायला २०१९ उजाडलं. सात वर्षं आपल्या संस्थेत खालून कुणी आलंच नाही, आणि आम्ही आहोत तिथे सात वर्षांनी म्हातारे झालो. 'नवं रक्त येत राहील' ही मीडव्हिलच्या पुढाऱ्यांची आशा त्यांच्याकडे हळूहळू फसली. आपल्याकडे ती एका शासन निर्णयाने फसली. यात संचालकांचा दोष नाही. पण हे २०१३ सालीच दिसत होतं, आणि तरी २०१६ मध्ये मदत वाढवली गेली. त्या वर्षी निवडणूक होती हा योगायोग मी नुसता नमूद करते.

पुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सभेत ओरडणाऱ्यांपैकीही कुणी बोललं नाही. या निधीतून दोन वेगळ्या गोष्टी जातात. एक, वारसाला पाच लाख. अठरा जणांचे झाले नव्वद लाख. दुसरी, कर्जमाफी. ती झाली १ कोटी ८० लाख, म्हणजे दुप्पट. निधीचा मोठा भाग मयताच्या घरी जातच नाही. तो कल्याण निधीच्या खात्यातून निघतो आणि संस्थेच्याच कर्ज खात्यात जमा होतो. संस्थेचं कर्ज बुडत नाही, व्याजाचा नफा शाबूत राहतो, लाभांश वाटला जातो. २०२२ मध्ये तुम्ही कर्जमर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख केलीत. निधीच्या डोक्यावरचा भार त्या दिवशी वाढला, पण वर्गणीला हात लावला नाही, कारण वाढीव कर्जाची बातमी गोड होती. आता त्याचं बिल आलंय, आणि ते कर्ज घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही सारखंच आलंय. माझ्यावर आज संस्थेचा एक रुपया नाही. तरी माझ्या सहाशेतला बराचसा भाग कुणाच्या तरी तीस लाखांच्या कर्जाचा विमा आहे. बँका असा विमा कर्जदाराकडून कर्जाच्या रकमेवर घेतात. आपण तो 'कल्याण' म्हणून सगळ्यांकडून घेतो.

कर्ज घेणाऱ्यांवर माझा राग नाही. तरुण शिक्षकाला घर बांधायचं तर कर्ज काढावंच लागतं. पण कुणाचा भार कोण उचलतंय हे कागदावर तरी दिसावं.

वयाचं बोलायचं तर मला जरा अवघड वाटतं, कारण यात माझा फायदा आहे. अठ्ठावीस वर्षांचा नवा शिक्षक आणि पंचावन्न वर्षांची मी, दोघंही सहाशे देतो. माझ्या शाळेतल्या नव्या सरांनी मोबाइलवर मुदत विम्याचे दर काढून दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्यात मला बाहेर पाच लाखांच्या कितीतरी पट मिळतंय." ते खोटं बोलत नाहीत. ते सोडून जात नाहीत, कारण पुढे कर्ज लागणार आहे आणि निधीशिवाय सभासदत्व नाही. अमेरिकेतल्या तरुणाला दार उघडं होतं म्हणून तो गेला. आपला तरुण आत अडकलाय म्हणून सभेत माइक ओढतो.

दार उघडतं ते दोनच वेळा. एकदा बदलीत. आमच्या केंद्रातल्या एका शिक्षिकेची अकरा वर्षांनी आंतरजिल्हा बदली झाली. नवरा तिकडे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिने बदली मागितली ती हौस म्हणून नव्हे. शेअर्स परत मिळाले, कायम ठेव मिळाली, निधीची वर्गणी शून्य. तिकडच्या संस्थेत पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्यांदा निवृत्तीत. अठ्ठावन्न पूर्ण झालं की सभासदत्व संपतं, निधीतलं नाव जातं. अडीच वर्षांनी मला शाल, श्रीफळ आणि संस्थेचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळेल. मरणाची शक्यता खऱ्या अर्थाने जिथून सुरू होते तिथे निधी हात सोडतो. विम्याच्या गणितात हे बसतं, मला ठाऊक आहे. मुदत संपली, जोखीम संपली. मग निवडणुकीच्या पत्रकात 'आयुष्यभराची साथ' असं छापू नका. आणि शेवटच्या अडीच वर्षांसाठी माझी वर्गणी तिप्पट करताना निदान मला पुढे बसवून नीट सांगा.

तुम्ही म्हणाल, सगळ्या संस्था हेच करतात. आपल्या देशात हेही आधी होऊन गेलंय. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गल्लोगल्ली प्रॉव्हिडंट सोसायट्या निघाल्या होत्या. थोडी थोडी वर्गणी, लग्नाला किंवा मयताला मदत. त्यांच्यासाठी १९१२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्यातल्या काही तर 'वाटणी'वर चालत: ठरलेली रक्कम नाहीच, जमेल ते त्या वर्षीच्या दावेदारांत वाटायचं. १९३८ च्या विमा कायद्याने असा धंदाच बंद केला. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा जे २४५ विमेकरी सरकारने ताब्यात घेतले त्यात ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या होत्या. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी काढली की हप्ता शेवटपर्यंत तोच राहतो, याची आपल्या आईवडिलांना इतकी सवय झाली की वर्गणी वाढू शकते हेच आपण विसरलो. पण तिथे हप्ता तोच राहतो, कारण पहिल्याच दिवशी तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची मरणं मोजून लावलेला असतो. आपल्या वीस रुपयांत कुणी काहीच मोजलेलं नव्हतं. गोल आकडा होता, कापायला सोपा.

आपला निधी विमा म्हणून कुठे नोंदलेला नाही. त्यामुळे विमा नियामकाकडे जायची सोय नाही, विमा लोकपालाकडे जायची नाही. माझ्यासारखीला आहे ती वर्षातून एक सभा, आणि त्या सभेत 'मंजूर, मंजूर'.

म्हणून माझ्या मागण्या. माझ्या एकटीच्या म्हणून लिहिते, ज्यांना पटतील त्यांनी आपल्या मानाव्यात.

सहाशेची कपात तूर्त थांबवावी आणि या एकाच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. दुरुस्तीचा मसुदा नोटिशीबरोबर प्रत्येक सभासदाला मिळावा. सभा तालुकावार घेता आली तर उत्तम, म्हणजे माइक पुरेल. तोवर निधी अडचणीत येऊ नये म्हणून तीनशे पासष्ट रुपये घ्या. त्या ठरावाला पहिला हात मी वर करीन.

त्या सभेआधी विमागणित जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून निधी तपासून घ्यावा. सभासदांची वयं, पुढच्या दहा वर्षांतल्या निवृत्त्या, येणारी कर्जं, सगळं धरून. त्याला फी द्यावी लागेल. दरवर्षी अहवाल पुस्तिकेच्या चकचकीत कागदावर आणि भेटवस्तूंवर जे जातं त्यातून ती निघेल असा माझा अंदाज आहे. अहवाल आला की तो जसाच्या तसा सभासदांना द्यावा, त्यात तुमच्या विरुद्ध काही असलं तरी.

कर्जमाफीचा भाग वेगळा काढावा आणि तो कर्जाच्या शिल्लक रकमेवर कर्जदाराकडून घ्यावा. वारसाच्या मदतीची वर्गणी सगळ्यांची राहू दे. निधीचं बँक खातं वेगळं असावं आणि इमारत निधीशी त्याची सोयरीक नसावी.

ज्याला वाढ झेपत नाही त्याला जुनी वर्गणी चालू ठेवून त्या प्रमाणात कमी मदत घेण्याची मुभा द्यावी. हे मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेतल्या त्या बंधुसंस्थांसाठी पुढे राज्यांनी जे कायदे केले त्यात हीच वाट ठेवली आहे. निधीला तूट आली तर संस्था सभासदाकडे त्याच्या वाट्याची भर मागू शकते. त्याने ती द्यावी, नाहीतर ती त्याच्या विम्यावर व्याजासह कर्ज म्हणून चढते, किंवा तो त्या प्रमाणात कमी विमा स्वीकारू शकतो. तोंडाने 'एक कुटुंब' म्हणणाऱ्या संस्थांनी एवढं कोर्टकचेऱ्यांनंतर शिकलं. आपण त्याआधी शिकायला हरकत नाही.

बदली होऊन जाणाऱ्याला आणि निवृत्त होणाऱ्याला वर्गणीचा काही हिस्सा परत मिळावा. किती, ते तज्ज्ञाने सांगावं. शून्य निघालं तर शून्य मान्य करीन, पण ते मला गणितातून कळू दे.

यात कुणावर व्यक्तिगत आरोप नाही. आपल्यापैकी तिघे संचालक माझ्याबरोबर डीएड झालेले आहेत, एकाच्या मुलीला मी पहिलीत अक्षर गिरवायला शिकवलं आहे. पुढच्या निवडणुकीत मी उभी राहणार नाही आणि कुणाच्या पॅनेलची नाही. हे लिहावं लागतं, कारण आपल्याकडे प्रश्न विचारला की आधी 'कुठल्या गटाच्या?' असं विचारतात.

आपली,
एक सभासद, १९९३ पासून
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था

ता.क. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची सकाळची शाळा आहे. ती सुटल्यावर साडेअकराची एसटी धरून मी दीडच्या सुमारास कार्यालयात येते. सभेचं इतिवृत्त तोवर लिहून झालं असेल असं धरून चालते. वही कपाटातून काढून ठेवावी, म्हणजे किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं लागणार नाही.